मांजरसुंब्याचा घाट चढल्यावर गाडीतील कुत्र्याला धाप लागते : कारण आणि उपाय

उन्हाळ्याच्या दिवसांत छत्रपती संभाजीनगरहून लातूरकडे परतताना, बीड मागे टाकून मांजरसुंब्याचा घाट चढलो आणि वरच्या चौफुलीवर जेवायला थांबलो की अर्ध्या तासाच्या आत आमच्या राणी या कुत्रीची तब्येत बिघडायची. मार्चअखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लागोपाठ तीन खेपांना हे घडले. जीभ लांब बाहेर पडायची, लाळ पातळ न राहता दोरीसारखी चिकट व्हायची, पाण्याचे भांडे पुढे केले तरी ती तोंड फिरवायची आणि आपली नेहमीची जागा सोडून दाराच्या फटीला नाक लावून उभी राहायची. दुसऱ्या खेपेला तिला दोनदा उलटी झाली. पहाटे चारला निघून त्याच रस्त्याने, त्याच गाडीने जाताना मात्र तिला एकदाही काही झाले नाही.

घरगाडी किंवा कॅम्पर करून घेणाऱ्यांची संख्या आपल्याकडे हळूहळू वाढते आहे. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून अनेकांनी जुन्या गाड्या बदलून घेतल्या, आणि घरातले कुत्रे किंवा मांजर सोबत नेता येते हे त्यातले मोठे कारण असते. त्यामुळे आमची अडचण आणखी कोणाला तरी येत असणार, असे धरून मी हे सविस्तर लिहीत आहे. कारण शोधताना आम्ही दोनदा चुकलो, आणि त्या चुकांची झळ राणीला बसली. त्या चुका वाचून एखाद्याचे जनावर वाचावे, एवढ्यासाठी त्या लपवत नाही.

आधी गाडी आणि प्रवास यांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आमची गाडी म्हणजे सतरा आसनांची जुनी डिझेल गाडी आहे. तिच्यातील आसने काढून मागे आडवा पलंग, मधे ओटा आणि छोटे कपाट बसवून घेतले आहे. पुढच्या भागाचा एसी इंजिनवर चालतो. मागच्या भागासाठी एक टनाचा वेगळा एसी आहे, तो २०० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर इन्व्हर्टरमार्फत चालतो. पलंगाखाली, मागच्या चाकांच्या पुढे, राणीसाठी कोनाडा ठेवलेला असून त्याला कापडी पडदा आहे. तिथे तिला अंधार आणि आडोसा मिळतो, म्हणून पिल्लू असल्यापासून ती तिथेच झोपते. राणी सात वर्षांची लॅब्रॅडोर आहे आणि तिचे वजन २८ किलो आहे, आणि आता वय उन्हात तिच्या विरोधात जाते. सौभाग्यवतींच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आम्हाला दर पंधरा-वीस दिवसांनी संभाजीनगर गाठावे लागते. सकाळी तपासणी होऊन सव्वाअकराच्या सुमारास निघालो की शहागडला गोदावरी ओलांडेपर्यंत साडेबारा होतात, बीडचा वळणरस्ता दीडला लागतो आणि मांजरसुंबा दोनला येतो. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात दुपारी दोन ते चार ही वेळ म्हणजे दिवसाची सर्वांत कडक वेळ होय. पहाटे निघा हा सल्ला योग्य आहे आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी दुसरा कोणताही उपाय करण्याआधी तोच करावा. आम्हाला येताना तो पाळता येत नव्हता.

पहिल्या खेपेनंतर आमचा संशय एसीवर गेला. जेवून परत आलो तेव्हा मागच्या भागात उकडत होते, म्हणून गॅस कमी झाला असेल असे गृहीत धरून गॅस भरून घेतला. गॅस मुळात पुरेसा होता की नव्हता, हे मोजून पाहण्याचा आग्रह मी धरला नाही. तेवढ्यावर समाधान न झाल्याने आधार म्हणून १२ व्होल्टवर चालणारा वाळ्याच्या ताट्यांचा छोटा कूलरही घेतला. आपल्याकडे घरोघरी कूलर असतो आणि तो कोरड्या हवेत उत्तम काम करतो, हा आमचा अनुभव. एसीला एक हजार वॅट लागतात, तिथे हा कूलर सत्तर वॅटमध्ये भागतो, म्हणून तो मला अगदी सोयीचा वाटला.

दुसऱ्या खेपेला याच कूलरने घात केला. माश्या आणि धूळ आत येऊ नये, राणीने बाहेर उडी मारू नये, म्हणून आम्ही सगळ्या काचा बंद ठेवून एसीच्या जोडीला कूलर चालू केला आणि पंचवीस मिनिटे जेवायला गेलो. कूलर हवा थंड करतो तो पाण्याची वाफ करून, आणि ती वाफ हवेतच राहते. खिडकी उघडी असेल तर दमट हवा बाहेर जाते आणि कोरडी आत येते, परंतु खोली बंद असेल तर थोड्याच वेळात आतली हवा ओलाव्याने भरते आणि त्यापुढे कूलरला थंडावा देता येत नाही. माणसाला अशा हवेत नुसते चिकट वाटते. कुत्र्याचे तसे नसते, कारण त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना येतो तो अगदी थोडा. त्याच्या शरीरातली उष्णता मुख्यतः धापेवाटे बाहेर पडते, म्हणजे जीभ, तोंड आणि श्वासमार्ग यांवरच्या ओलाव्याची वाफ होऊन. हवाच ओली झाली की ती वाफ होईना, आणि कुत्रे जितके जोराने धापा टाकते तितके त्याच्या स्नायूंचे श्रम वाढून अंग आणखी तापते. परत येऊन दार उघडले तेव्हा आतून न्हाणीघरासारखी वाफ अंगावर आली. काचा धूसर झाल्या होत्या, एसी बंद होता, इन्व्हर्टर एकसारखा टीं-टीं करत होता आणि राणी दाराशी उलटी करून उभी होती.

त्या दिवशी वाटेतल्या तालुक्याच्या गावी एका पशुवैद्यकांनी तिला पाहिले. ताप ४०.४ अंश सेल्सिअस होता. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९.२ अंशांच्या दरम्यान असते आणि ४१ च्या पुढे गेले की उष्माघाताने मूत्रपिंड, आतडी, मेंदू यांना इजा होऊ लागते, म्हणजे आम्ही कड्याच्या काठावरून परतलो होतो. माझ्या खिशात पॅरासिटामॉलची गोळी होती आणि ती अर्धी द्यावी का, असे मी विचारले. डॉक्टरांनी हातानेच थांबवले. हा आजाराचा ताप नाही, बाहेरची उष्णता अंगात साठली आहे, गोळीने ती उतरत नाही आणि माणसाची ही गोळी कुत्र्याच्या यकृताला घातक ठरू शकते, असे त्यांनी समजावले. मांजराला तर ती थोड्या मात्रेतही जीवघेणी असते. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, “काका, गाडीत ही झोपते कुठे?” मी पलंगाखालचा कोनाडा दाखवला. ते म्हणाले, “तुम्ही वर बसता, ही खाली झोपते. तुम्हाला गार वाटतं म्हणून तिलाही गार वाटत असेल, असं धरू नका. थर्मामीटर तिच्या जागी ठेवा.”

घरी आल्यावर ओळखीच्या वायरमनकडून आधी इन्व्हर्टर तपासून घेतला. त्याने बॅटरीचे व्होल्टेज पाहिले, ते तेराच्या वर होते, म्हणजे बॅटरी रिकामी होऊन एसी बंद पडला नव्हता. हिशेबही तेच सांगतो : १२.८ व्होल्ट गुणिले २०० अँपिअर-तास म्हणजे सुमारे अडीच युनिट वीज, तिच्यावर हजार वॅटचा एसी दोन तास सहज चालला पाहिजे. मात्र बारा व्होल्टवर हजार वॅट ओढायचे तर जवळपास ९० अँपिअर प्रवाह लागतो आणि एवढ्या प्रवाहावर इन्व्हर्टर स्वतः बराच तापतो. आमचा इन्व्हर्टर पलंगाखाली, राणीच्या कोनाड्याला लागून, प्लायच्या बंद पेटीत होता. आवाज नको म्हणून तशी पेटी मीच करवून घेतली होती. उष्णता बाहेर पडायला वाट नसल्याने तो स्वतःच्या बचावासाठी वीस मिनिटांत बंद व्हायचा आणि त्याची सगळी गरमी शेजारच्या कोनाड्यात उतरायची. वायरमनने पेटीची एक बाजू कापून जाळी बसवली आणि संगणकात असतात तसे दोन छोटे पंखे लावले, एक खालून हवा आत घेणारा आणि दुसरा वरून बाहेर फेकणारा. केबलची टोकेही त्याने नव्याने दाबून घेतली, कारण त्यांतले एक सैल होते आणि त्याच्या आवरणाचा रंग तपकिरी झाला होता. ज्यांचा एसी गाडी थांबल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडतो आणि संध्याकाळी मात्र सुरळीत चालतो, त्यांनी बॅटरी बदलण्याआधी हे दोन्ही पाहावे. तो खर्च काही शेकड्यांत भागतो, बॅटरीचा मात्र हजारोंत जातो.

तिसऱ्या खेपेला एसी बंद पडला नाही. कूलर आम्ही घरीच ठेवला होता. तरीही मांजरसुंब्याला राणी धापा टाकू लागली आणि मी खरोखर हतबल झालो. त्या दिवशी मात्र दोन थर्मामीटर सोबत होते, फ्रिजमध्ये वापरतात तसे, लांब तारेच्या टोकाला मोजणारी बोंडी असलेले. एकाची बोंडी आमच्या बाकाच्या उंचीवर टांगली होती आणि दुसऱ्याची कोनाड्यात, राणीच्या गादीशेजारी जमिनीला टेकवून. सौभाग्यवतींनी वहीत आकडे टिपले होते. बाहेर ४१ अंश होते. बाकाजवळचा आकडा वाटभर २८ आणि २९ च्या मधे राहिला. कोनाड्यातला आकडा शहागडच्या पुलावर ३१ होता, बीडच्या वळणरस्त्यावर ३३ झाला, घाट चढून वर आलो तेव्हा ३६ झाला, आणि गाडी बंद करून उभी केल्यावर तो उतरण्याऐवजी चढतच राहिला. पंधरा मिनिटांनी तिथे ४० अंश होते, आणि एसी चालू असल्याने वर बसलेल्या आम्हाला छान गार वाटत होते.

दुसरी खूण सौभाग्यवतींना सापडली. राणी पाणी का पीत नाही म्हणून त्यांनी तिच्या स्टीलच्या भांड्यात बोट बुडवले आणि चटकन मागे घेतले. बीडला त्याच जारमधून, एकाच वेळी, राणीचे भांडे आणि आमची बाटली भरली होती. बाटलीतले पाणी गार होते. कोनाड्यात जमिनीवर ठेवलेल्या भांड्यातले पाणी मात्र अंघोळीच्या पाण्याइतके ऊन झाले होते. मी गादी उचलून प्लायवर तळहात ठेवला, तर तो पाच सेकंदही ठेववेना. गाडीखाली वाकून पाहिले तेव्हा सगळा उलगडा झाला : सायलेन्सरचा डबा बरोबर त्या कोनाड्याच्या खाली होता आणि त्याच्यात आणि गाडीच्या तळात जेमतेम चार बोटांचे अंतर होते.

घाटातच का, याचेही उत्तर त्यात आहे. सपाट रस्त्यावर इंजिनवर ताण कमी असतो आणि गाडीखालून वारा वाहत असल्याने सायलेन्सरची उष्णता मागे निघून जाते. घाट चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण जोर लावते, धूर जास्त आणि जास्त गरम येतो, गाडीचा वेग कमी असल्याने खालचा वारा मंदावतो आणि सायलेन्सर भयंकर तापतो. नेमके त्याच वेळी आम्ही चौफुलीवर गाडी थांबवत होतो. थांबताच उरलासुरला वाराही बंद होतो. मग तापलेल्या लोखंडाची उष्णता सरळ वर चढते, तळाचा पत्रा, त्यावरचा प्लाय आणि त्यावर पोट टेकून झोपलेली राणी अशा क्रमाने. जाताना पहाटे हाच घाट आम्ही उतरत होतो, त्यामुळे इंजिनला ताण नसे आणि बाहेरची हवाही गार असे. त्यात कोनाड्याच्या पडद्याने एसीची हवा अडवली होती. म्हणजे आडोसा म्हणून प्रेमाने लावलेला पडदाच तिला त्रास देत होता.

यानंतर जे केले त्यातला सर्वांत परिणामकारक उपाय फुकटचा होता : तिची जागा बदलली. सायलेन्सर गाडीच्या ज्या अंगाला आहे त्याच्या विरुद्ध अंगाला, ओट्याच्या पायथ्याशी, तिची गादी हलवली. कुत्रे मात्र सांगून जागा बदलत नाही. गाडी दारात उभी असताना आठ-दहा दिवस तिला रोज संध्याकाळी त्या नव्या जागीच खाऊ घातले, तिचे जुने पोते तिथे अंथरले आणि जुना कोनाडा फळी लावून बंद केला, तेव्हा कुठे ती तिथे निवांत बसू लागली. हे प्रवासाच्या सकाळी करायला गेल्यास ते साधत नाही.

नव्या जागी गादी थेट जमिनीवर न टाकता तिच्यासाठी वीतभर उंचीची, नवार विणलेली छोटी बाज करून घेतली. आपल्याकडे अंगणात बाजेवर झोपणाऱ्याला खालून वारा लागतो, तेच तत्त्व. जाड फोमची गादी माणसाला मऊ वाटते, पण कुत्र्याच्या पोटाची उष्णता ती अडवून ठेवते, आणि पोट हाच त्याचा कमी केसांचा, उष्णता सोडणारा भाग असतो. बाजेच्या उंचीवर १२ व्होल्टचा एक पंखा लावला.

गाडीच्या तळालाही काम केले. सायलेन्सर आणि तळ यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला. तो तळाला चिकटवला नाही, बुश लावून इंचभर अंतर ठेवून टांगला. चकचकीत पत्रा उष्णता परतवतो ती त्याच्या पुढे-मागे हवेची पोकळी असेल तरच. चिकटवून टाकला तर तो स्वतः तापून तीच उष्णता तळाला देत राहतो. बाजारात मिळणारी चंदेरी फोमची शीट तळाला बाहेरून डकवूनही फरक न पडल्याची तक्रार मी दोघा-तिघांकडून ऐकली आहे, तिचा उपयोग न होण्याचे कारण हेच असावे. आतल्या बाजूने प्लायखाली अर्ध्या इंचाची नायट्राइल रबरची शीट घातली. थर्माकोल स्वस्त पडतो, पण सायलेन्सरच्या आसपास तो वापरू नये, कारण तेवढ्या उष्णतेने तो मऊ पडून आक्रसतो आणि पेट घेण्याचीही भीती असते.

थांबण्याची जागाही बदलली. आता आम्ही चौफुलीवर थांबत नाही. वर आल्यावर केजच्या रस्त्याने नेकनूरच्या दिशेने दहा-पंधरा मिनिटे सपाटीवरून हलक्या पायाने गाडी नेतो, त्यात खालचा वारा लागून सायलेन्सर निवतो, आणि मग एखाद्या लिंबाखाली गाडी लावतो. दुपारी सावली पूर्वेकडे सरकत जाते, म्हणून झाडाच्या पूर्वेला लावलेली गाडी जेवण होईपर्यंत सावलीत राहते. पश्चिमेला लावलेली गाडी दहा मिनिटांत उन्हात येते. उतरण्याआधी डांबर किंवा फरशी हाताच्या उलट्या बाजूने तपासतो. सात सेकंद हात टिकला नाही, तर राणीला तिथे उतरवत नाही. बांधावर उतरवले तर चढताना पंजे पाहावे लागतात, कारण या भागात सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे फार.

एका बाबतीत मी अतिशय आग्रही झालो आहे. आम्ही दोघे आता एकाच वेळी जेवायला जात नाही. एसी चालू आहे, बॅटरी भरलेली आहे, काचा दोन बोटे उघड्या आहेत, यांपैकी कशावरही जनावराचा जीव सोपवता येत नाही. बाहेर ३५ अंश असताना उन्हात उभ्या बंद गाडीचे तापमान पहिल्या दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास चढते आणि अर्ध्या तासात वीसच्या जवळ पोहोचते, आणि काचा थोड्या उघड्या ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. मोबाइलवर इशारा पाठवणारी उपकरणे मिळतात, पण बालाघाटाच्या डोंगररांगांत रेंज कधी जाईल याचा नेम नसतो. कोणी हिवाळ्यात जोधपूर-जैसलमेरच्या वाळवंटात गाडी घेऊन जाणार असेल, तर त्यांनीही हे ध्यानात घ्यावे. तिथे जानेवारीतली दुपार सुखद असते म्हणून आपण निर्धास्त होतो, पण स्वच्छ उन्हात बाहेर २२ अंश असले तरी बंद गाडी तासाभरात चाळीसच्या पुढे जाऊ शकते.

पाण्याचा हिशेब लातूरकरांना सांगावा लागू नये. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी आम्ही घागरीने मोजून वापरले आहे. तरीही सांगतो : कुत्र्याला एरवी दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे राणीला दीड लिटरच्या आसपास, आणि अशा प्रवासात त्याच्या दुप्पट धरावे. ते घरचेच न्यावे. वाटेतल्या बोअरच्या जड पाण्याला अनेक कुत्री तोंड लावत नाहीत. आम्ही ते माठात ठेवतो आणि तासाला थोडे देतो, एकदम भांडेभर देत नाही. खाणे निघण्याआधी तीन-चार तास, तेही निम्मे. याशिवाय दहा लिटरचा एक कॅन वेगळा ठेवलेला असतो. त्यातले पाणी प्यायचे नाही, भांडी धुवायची नाहीत. तो पुढच्या परिच्छेदातल्या प्रसंगासाठी आहे.

एवढे करूनही कुत्रे तापलेच, तर ओळखायचे कसे? धाप सावलीत नेऊनही पाच-दहा मिनिटांत कमी होत नाही, हिरड्या नेहमीच्या गुलाबीऐवजी लालभडक दिसतात, लाळ चिकट होते, चालताना मागचे पाय लटपटतात, हाक मारल्यावर नजर लागत नाही. यांतले काहीही दिसले तर दवाखाना शोधत पळण्याआधी जागच्या जागी त्याला थंड करायला सुरुवात करावी, कारण वाटेत गेलेली वीस मिनिटेच घातक ठरतात. सावलीत न्यावे, अंगावर, विशेषतः पोट, काखा आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला साधे पाणी ओतत राहावे आणि त्याच वेळी पंखा किंवा पुठ्ठ्याने वारा घालावा. आम्ही दुसऱ्या खेपेला ओला टॉवेल तिच्या पाठीवर पांघरून ठेवला होता, ते चुकीचे होते. तो टॉवेल थोड्या वेळात गरम होतो आणि उष्णता आत कोंडून ठेवतो. बर्फ नसेल तर हळहळू नये, माठाचे पाणी पुरते. शुद्धीवर नसलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुफ्फुसात जाते. गुदद्वारातले तापमान ३९.५ पर्यंत उतरले की पाणी ओतणे थांबवावे, नाहीतर अंग गरजेपेक्षा गार पडते, आणि मग पशुवैद्यकांकडे न्यावे. कुत्रे उठून शेपूट हलवू लागले तरी न्यावे, कारण आतल्या इंद्रियांना झालेली इजा एक-दोन दिवसांनीही वर येते. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या बाबतीत तर मी म्हणेन की मे महिन्यातली दुपार त्यांच्यासाठी नाहीच.

निघण्याआधी वाटेवरच्या प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन वहीत लिहून घ्यावा आणि दुपारी तो उघडा असतो का हे विचारून ठेवावे. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, त्या बाजूने प्रवास असेल तर ती लक्षात असावीत. लसीकरणाची पुस्तिका गाडीतच ठेवावी.

मेच्या मध्यावर आम्ही चौथी खेप केली. बाहेर ४२ अंश होते. घाट चढून नेकनूरच्या पुढे थांबलो तेव्हा बाकाजवळ २९ आणि राणीच्या बाजेजवळ ३० असे आकडे होते, आणि वीस मिनिटांनी ३१. बंद केलेल्या जुन्या कोनाड्यात मुद्दाम ठेवलेल्या तिसऱ्या थर्मामीटरवर, पत्रा बसवूनही, ३५ दिसत होते. म्हणजे पत्र्याने फरक पडला, पण जागा बदलली नसती तर तो पुरला नसता. राणी पाणी प्यायली, बाजेवर अंग टाकून झोपली आणि रेणापूर येईपर्यंत उठली नाही. मेअखेरची पाचवी खेपही अशीच गेली.

वाळ्याचा कूलर मी टाकून दिलेला नाही. गाडी उभी असताना, समोरासमोरच्या दोन काचा अर्ध्या उघडून आणि त्यांना जाळी लावून तो चालवला, तर एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी बाजेजवळचा आकडा चार-पाच अंशांनी उतरतो, हे घरासमोर तपासून पाहिले आहे. मृगाचा पहिला पाऊस पडून हवेत ओल आली की तो गाडीतून काढून माळ्यावर ठेवावा.